एका शिडाची होडी : दोरी हातात, सुकाणू काखेत

मालवण, देवगड, वेंगुर्ला या तालुक्यांतल्या कुठल्याही खाडीवर सकाळी उभं राहिलं की पहिल्यांदा ऐकू येतो तो मशीनचा आवाज. लहानातल्या लहान होडीच्या मागेही आज इंजिन लटकलेलं असतं. शीड लावलेली होडी मात्र शोधावी लागते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारलं तर ते सांगतात, की पूर्वी जाळी टाकायला जाणं, पलीकडच्या गावात नारळ पोचवणं, लग्नाचं वऱ्हाड खाडीपार नेणं, हे सगळं वाऱ्यावर चालायचं. ज्यांच्या घरी ही विद्या होती त्यांच्या नातवंडांना आता शीड कुठल्या बाजूने बांधतात तेही सांगता येत नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. भर समुद्रात मशीन बंद पडलं, तेल संपलं, पंख्यात जाळं अडकलं, असे प्रसंग किनाऱ्याला नवे नाहीत. अशा वेळी होडीत एक काठी आणि चार हात ताडपत्री असली, आणि ती कशी धरायची हे माहीत असलं, तर माणूस किनाऱ्याच्या दिशेने सरकत राहतो. माहीत नसलं तर तीच ताडपत्री होडी उलटवते. म्हणून एका शिडाची होडी चालते कशी, आणि बुडते कशी, हे नीट समजून घेतलेलं बरं.

होडीचे भाग

होडीला एकच डोलकाठी आणि तिच्यावर एकच शीड, एवढीच हिची ओळख. मोठ्या गलबताला, फत्तेमारीला दोन-दोन डोलकाठ्या असत आणि शिडं हाताळायला खलाशांची फळी असे. छोट्या होडीत एक माणूस, फार तर दोन. त्यामुळे सगळं एका माणसाच्या दोन हातांत मावेल असं ठेवावं लागतं.

आपल्या किनाऱ्यावरचं जुनं शीड तिरकं असतं. डोलकाठी होडीच्या मध्यापासून थोडी पुढे रोवलेली आणि स्वतःही किंचित पुढे झुकलेली. तिच्यावर एक लांब काठी तिरकी टांगायची. तिचं एक टोक खाली होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, दुसरं टोक वर आकाशात. या काठीला परबान म्हणतात, गावागणिक उच्चार थोडा बदलतो. शिडाची एक लांब कड परबानाला बांधलेली असते आणि मागचा मोकळा कोपरा एका दोरीने होडीतल्या माणसाच्या हातात येतो. डोलकाठी पुढे झुकवायचं कारण साधं आहे. परबान आणि शीड काठीला घासत न राहता मोकळं लोंबावं, आणि बाजू बदलताना ते काठीच्या पुढून फिरवता यावं.

असंच तिरकं शीड अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरही चालतं. माल घेऊन येणारी-जाणारी माणसं हा समुद्र शेकडो वर्षं ओलांडत होती. कोणी कोणाचं पाहून शिकलं, यात इथे शिरायला नको.

लाकूडकामाची माहिती मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. आंब्याचं जाड खोड कोरून केलेली होडी खाडीसाठी, फळ्या जोडून बांधलेली समुद्रासाठी. डोलकाठीला सह्याद्रीतल्या पून झाडाची सरळसोट खोडं नावाजलेली होती. हे झाड आपल्या किनाऱ्यावरच्या उंडीच्या जातकुळीतलं. फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ, आणि बाहेरून काजूच्या टरफलाचं तेल, म्हणजे किडीची भीती नाही. शीड मांजरपाटाचं असायचं. नंतर प्लास्टिकची ताडपत्री आली. ती स्वस्त आणि हलकी, पण उन्हाने दोन मोसमांत फुटते.

काही गावांत होडीच्या एका बाजूला, हातभर नव्हे तर चांगल्या पुरुषभर अंतरावर, एक लाकडी ओंडका आडव्या काठ्यांनी जोडलेला असतो. ही उलांडी. अरुंद होडीवर शीड चढवलं की ती कलंडते, ते कलंडणं उलांडी धरून ठेवते. ओंडका पाण्यातून उचलला जायला लागला की एक माणूस आडव्या काठीवर सरकून त्यावर वजन टाकतो.

वाऱ्याच्या विरुद्ध जाते कशी?

मागून वारा आला की होडी पुढे जाते, हे कोणालाही कळतं. खळ्यावर भात उफणताना फोल जसं वाऱ्याबरोबर जातं तसंच ते. पण गंमत पुढे आहे. शिडाची होडी बाजूच्या वाऱ्यावरही जाते, आणि समोरून तिरक्या येणाऱ्या वाऱ्यावरही जाते.

बाजूने वारा आला की शीड पोट काढतं. वारा त्या फुगवट्यावरून वळतो. बाहेरच्या, म्हणजे वाऱ्याआडच्या अंगाला हवेचा दाब कमी पडतो, आतल्या अंगाला जास्त राहतो. त्यामुळे शीड बाहेरच्या दिशेने ओढलं जातं. ही ओढ सरळ पुढे नसते. बरीचशी आडवी, थोडी पुढे अशी असते. होडी जर पराती असती तर ती आडवीच घसरत गेली असती. पण होडीच्या बुडाला लांब कणा असतो, नव्या बनावटीच्या होडीत मधोमध खाली सोडायची एक फळी असते. पाण्यात उभी असलेली ही फळी होडीला आडवं सरकू देत नाही. नांगराचा फाळ जमिनीत असला की बैल कितीही बाजूला ओढोत, नांगर तासातच चालतो, तसं. आडवी वाट बंद झाली की उरते ती पुढची. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली की ती जशी सुर्रकन पुढे निसटते, तशी होडी वारा आणि पाणी यांच्या चिमटीतून पुढे निसटते.

याला मर्यादा आहे. वाऱ्याच्या अगदी तोंडावर होडी जात नाही. नाळ वाऱ्याकडे जास्त वळवली की शीड फडफडायला लागतं आणि होडी थांबते. शर्यतीच्या चांगल्या होडीला वाऱ्यापासून साधारण ४५ अंशांपर्यंत जवळ जाता येतं. आपल्या तिरक्या शिडाच्या होडीला त्याहून जास्त कोन सोडावा लागतो. सपाट बुडाची खाडीतली होडी तर वाऱ्याविरुद्ध जवळजवळ चढतच नाही, तिथे वल्हीच मारावी लागतात.

मग गाव नेमकं वाऱ्याच्या दिशेला असेल तर? तेव्हा घाट चढताना जसे रस्त्याला वळसे असतात तसे वळसे घ्यायचे. आधी वारा उजव्या अंगावर घेऊन तिरकं जायचं, मग वळून डाव्या अंगावर घेऊन तिरकं. अंतर वाढतं, वेळ लागतो, पण गाव गाठता येतं. फोंडा किंवा आंबोली घाटातून एसटीने गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

वळण दोन तऱ्हेचं

या वळशांवर होडी वळवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत नाळ वाऱ्याच्या तोंडातून फिरवायची. शीड क्षणभर फडफडतं, मग दुसऱ्या बाजूला भरतं. होडीला वेग हवा, नाहीतर ती मध्येच वाऱ्यात अडकून मागे सरकायला लागते. ही तऱ्हा सुरक्षित, कारण वळताना शिडात जोर नसतो.

दुसरीत होडीची पाठ वाऱ्यातून फिरवायची. इथे शीड पूर्ण भरलेलं असतं आणि एका क्षणात या बाजूचं त्या बाजूला फेकलं जातं. नव्या होडीत शिडाच्या खालच्या कडेला आडवी दांडी असते. ती डोक्यात बसली तर माणूस बेशुद्ध होऊन पाण्यात जाऊ शकतो. म्हणून वळायच्या आधी शिडाची दोरी ओढून घ्यायची, डोकं खाली घ्यायचं, आणि दांडी पलीकडे गेली की दोरी लगेच सैल सोडायची.

तिरक्या शिडाच्या जुन्या होडीला बहुतेक वेळा हीच दुसरी तऱ्हा वापरावी लागते. होडी वाऱ्यासोबत फिरवायची, शीड सैल सोडायचं, परबान जवळजवळ उभं करायचं आणि डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं. मोठ्या होडीत हे तीन-चार माणसांचं काम. वारा जोराचा असेल तर अंगावर येणारं काम. लहान होडीत परबान लहान असतं म्हणून एकट्याला जमतं, पण त्यासाठी सुकाणू क्षणभर गुडघ्याने नाहीतर काखेने धरावं लागतं.

दोरी बांधून ठेवायची नाही

या सगळ्या माहितीत एक गोष्ट बाकी सगळ्यांच्या वर आहे. शिडाची दोरी हातात ठेवायची. कुठल्याही खुंटीला पक्की गाठ मारून मोकळं व्हायचं नाही.

कारण हिशोबात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तासाला १० किलोमीटरचा वारा आहे, होडी मजेत चालली आहे, माणसाने दोरी बांधली आणि विडी पेटवली. तेवढ्यात २० किलोमीटरचा झोत आला. चौपट जोर एकदम शिडावर बसला, होडी कलली, खालचा काठ पाण्याखाली गेला, आत पाणी आलं. हे सगळं तीन-चार सेकंदांत होतं. गाठ सोडायला तेवढा वेळ पुरत नाही, त्यात ओल्या दोरीची गाठ तर आणखी आवळलेली असते. दोरी हातात असती तर फक्त मूठ उघडायची होती. शीड मोकळं झालं की ते वाऱ्यात झेंड्यासारखं फडफडतं, त्यातला जोर जातो आणि होडी सरळ होते.

बैल उधळतो तेव्हा कासरा मनगटाला गुंडाळलेला असेल तर माणूस फरफटत जातो. जुनी माणसं कासरा मुठीत धरतात, गुंडाळत नाहीत. शिडाच्या दोरीचंही तेच. हाताला कढ येतो म्हणून एखादा वेढा खुंटीभोवती टाकायला हरकत नाही, पण गाठ नाही. एका झटक्यात सुटली पाहिजे.

झोत येताना दिसतो. पाण्यावर लांबून एक काळपट, चुरगळलेला चट्टा होडीकडे सरकत येतो. तो वाऱ्याच्या बाजूने पोचायच्या आत दोरी थोडी सैल करायची, वजन वाऱ्याकडच्या काठावर न्यायचं. लाटांच्या माथ्यावर पांढऱ्या फेसाचे तुरे सगळीकडे दिसायला लागले की लहान होडीने शीड कमी करायचं किंवा उतरवायचं. पूर्वी मोठ्या होड्या वाऱ्याच्या दिवसांसाठी वेगळं लहान शीड बरोबर ठेवत.

बांधणीची एक सोय इथे माणसाच्या बाजूने असते. शीड आणि बुड यांचा तोल असा ठेवतात की सुकाणू सोडून दिलं तर होडी आपोआप नाळ वाऱ्याकडे वळवते. तिथे शीड फडफडतं आणि होडी थांबते. सुकाणू हातात सतत थोडं ओढ घेत असतं ते यामुळेच. नवशिक्याला ही ओढ त्रासाची वाटते. पण माणूस घसरून पडला तर होडी लांब पळून न जाता जवळपास थांबते, ती या ओढीमुळे.

आणि उलटलीच तर? होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघायचं नाही. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि ओहोटीत पाणी माणसाला बाहेर ओढतं. लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा पूर्ण बुडत नाही, तिला धरून राहायचं. शोधणाऱ्यांना माणसाचं डोकं दिसत नाही, उलटी होडी दिसते. लाइफ जॅकेट होडीच्या तळाशी ठेवून उपयोग नाही, अंगात हवं. पोहता येतं म्हणून घालत नाही, असं म्हणणारे किनाऱ्यावर खूप आहेत. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पोहता येत नाही, एवढंच त्यावर सांगण्यासारखं आहे. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गळ्यात ठेवावा. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आहे.

वाऱ्याचं वेळापत्रक

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केले. शिडाच्या होडीचं पोट त्यावरच चालायचं. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. त्याच्या पाठबळावर होड्या अंधारातच बाहेर पडायच्या. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटा फिरून समुद्राकडून जमिनीकडे येतो. हा खारा. त्याच्यावर मासळी घेऊन घरी. तेलाचा थेंब न घालता जाण्या-येण्याची दोन्ही भाडी निसर्गाने दिलेली.

मधली वेळ अडचणीची. मतलई पडला आणि खारा अजून उठला नाही, तर तास-दोन तास पाणी आरशासारखं. तेव्हा वल्ही मारा नाहीतर थांबा. फेब्रुवारीपासून मे पर्यंत दुपारचा वारा वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्याने या वाऱ्यावर देवगडहून मालवणला येणं सोपं, मालवणहून देवगडला जाणं घाट चढण्यासारखं. म्हणून उत्तरेकडे जायचं काम पहाटेच्या वाऱ्यावर उरकत.

वाऱ्याबरोबर भरती-ओहोटी पाहावी लागते. भरतीची वेळ ढोबळ काढायची एक जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरतं, सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीनच्या सुमाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ही रीत मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळते, दक्षिणेकडे आणि आत खाडीत वेळ थोडी मागेपुढे होते. तरी कॅलेंडरवर तिथी पाहून अंदाज बांधायला पुरेशी आहे.

धोक्याची जागा म्हणजे खाडीचं मुख. दुपारी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि खारा वारा समुद्राकडून आत येत असतो. दोघं समोरासमोर भिडले की वाळूच्या दांड्यावर लाटा आखूड आणि उभ्या होतात. घरी परतणाऱ्या होडीला मागून वारा असतो, वेग वाटतो, आणि तिथेच लाट मागून आत शिरते किंवा शीड नको तेव्हा पलटी खातं. भरतीची वाट पाहत बाहेर तासभर थांबणं लाजेचं नाही.

आता हवामानाची माहिती फोनवर येते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्र सरकारच्या संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज, दोन्ही मोफत मिळतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बाहेर पडायचं नाही, हे तर किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही माहीत असतं.

शीड एकच का?

दोन शिडं लावली तर होडी वाऱ्याविरुद्ध जास्त चांगली चढते. पण प्रत्येक शिडाला दोऱ्या आल्या, आणि दोऱ्या धरायला हात आले. एकट्याने मासे पकडायचे, जाळं ओढायचं, पाणी उपसायचं आणि होडीही हाकायची, तर शीड एकच परवडतं. ही अक्कल फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर केप कॉड भागात एकोणिसाव्या शतकात मच्छीमारांच्या रुंद, उथळ होड्या होत्या. डोलकाठी अगदी पुढच्या टोकाला रोवलेली, शीड एक. मधली जागा सगळी मासळीला मोकळी.

आज जगभर मुलं ज्या होडीवर शिकतात ती ‘ऑप्टिमिस्ट’ हीदेखील एकाच शिडाची. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने १९४७ साली ती बनवली. मुलांना स्वस्तात मिळावी, प्लायवूडच्या दोन तावांत बसावी, असा हिशोब होता. लांबी साधारण २.३ मीटर, नाळ कापून टाकल्यासारखी चपटी. दिसायला भाताची कोठी. पण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलाने एकट्याने हाकावी इतकी सोपी.

तिच्यापुढची पायरी ‘लेझर’. ब्रूस कर्बी या कॅनडाच्या माणसाने १९६९ साली टेलिफोनवर बोलता बोलता तिचं पहिलं चित्र काढलं, असं सांगितलं जातं. आता तिला ‘इल्का’ म्हणतात. लांबी ४.२३ मीटर, बुडाचं वजन ५९ किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्यापेक्षा थोडं जास्त. डोलकाठी दोन तुकड्यांची, तिच्यावर शीड पिशवीसारखं सरकवायचं. बूड एकच, पण शिडं तीन मापांची : सुमारे ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटर. माणसाच्या वजनाप्रमाणे शीड निवडायचं. १९९६ पासून ही होडी ऑलिम्पिकमध्ये आहे.

समुद्र नसलेल्या गावाला हे शिकता येत नाही, असा कोणाचा समज असेल तर तो सोडावा. मध्य प्रदेशच्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली नेहा ठाकूर भोपाळच्या मोठ्या तलावावर शीड शिकली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथल्या आशियाई स्पर्धेत ‘इल्का ४’ या सर्वांत लहान शिडाच्या प्रकारात तिने रौप्यपदक आणलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याच स्पर्धेत सैन्यातल्या विष्णू सरवणनने ‘इल्का ७’ मध्ये कांस्यपदक मिळवलं. तो पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अठरावा आला. त्याआधी चेन्नईची नेत्रा कुमानन याच जातीच्या होडीतून ऑलिम्पिकची पात्रता मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली होती. या शर्यतींत गुण उलटे मोजतात. पहिल्या नंबरला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. एक सर्वांत वाईट शर्यत माफ.

आपल्या राज्यात पुण्याजवळ खडकवासला धरणाच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी शिडाच्या होड्या चालवतात. धरणं आणि तलाव घाटावरच्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कोकणातल्या खाड्यांवर मात्र, जिथे हे ज्ञान घराघरात होतं, तिथल्या मुलांना यातलं काही शाळेत भेटत नाही. ही गोष्ट खटकते.

शिडं खाली आली

स्वातंत्र्यानंतरच्या काळात सरकारी मदतीने मच्छीमार नौकांना इंजिनं बसू लागली. आधी मोठ्या नौकांना, मग लहान होडीच्या मागे लावायची मशीनं आली. कोणी शीड टाकलं म्हणून त्याला दोष देता येणार नाही. मशीनवाला वाऱ्याची वाट न पाहता बाजाराच्या वेळेला पोचतो आणि त्याच्या मासळीला भाव मिळतो. शीडवाला दुपारी आला की लिलाव संपलेला असतो. पुढे खाड्यांवर पूल झाले आणि तरीही बंद पडत गेल्या.

पण तेलाचा खर्च वाढत गेला तशी ही बाजू पुन्हा तपासण्यासारखी झाली आहे. मशीन काढून टाका असं कोणी म्हणणार नाही. वारा मागून असेल तेव्हा परतीच्या वाटेवर लहानसं शीड चढवलं तर तेल वाचतं. त्यासाठी होडीच्या पुढच्या आडव्या फळीला काठी घालायचं भोक आणि तळाला खाच हवी. सुताराचं एका दिवसाचं काम. फक्त डोलकाठी फार उंच नको. मशीनच्या होडीचा कणा उथळ असतो, उंच शीड तिला कलंडवेल.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मशीन नसलेल्या पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे. सूट असली म्हणजे समुद्र शांत असतो असं नाही. जुन्या काळी कायदा नव्हता तरी शिडाच्या होड्या या दिवसांत बाहेर पडत नव्हत्या. नैर्ऋत्येचा पाऊसवारा थेट किनाऱ्यावर आपटतो. त्यात शीड चढवून बाहेर पडलं की परत येताना होडी लाटांबरोबर खडकावर जाते. पावसात शीड चालवायचं तर आत खाडीत, तेही वारा पाहून.

त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीला होडी वर ओढतात. खाली ओंडके घालून, माणसं लावून, माडाखाली. शीड काढून आधी गोड्या पाण्याने धुवायचं, कारण मीठ राहिलेलं कापड हवेतला ओलावा धरतं आणि कुजतं. कडक उन्हात वाळवून, घडी घालून माळ्यावर, उंदरांपासून लांब टांगून ठेवायचं. परबान सरळ राहावं म्हणून तीन ठिकाणी आधार देऊन आडवं ठेवायचं, नाहीतर चार महिन्यांत वाकतं. दोऱ्या तपासायच्या, जिथे पीळ उसवला असेल तो तुकडा कापून टाकायचा. मग होडीवर झावळ्यांची झापं घालून ती शाकारायची. नारळी पौर्णिमेला झापं काढतात, सांध्यांत राळ भरतात, बाहेरून तेलाचा हात देतात, आणि भरतीचं पाणी चढलं की होडी पुन्हा खाली लोटतात.